चार काठांचं कापड

विणकराचे हात जगात कुठेही गेले तरी एकच भाषा बोलतात. हे वाक्य माझं आहे. पेरू देशातल्या एका डोंगराळ गावी भरणाऱ्या विणकरांच्या मेळाव्यात, उद्घाटनाच्या दिवशी वाचायचं म्हणून मी ते अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या घरी बसून लिहिलं. तिथे ते गंभीर चेहऱ्याने वाचलं आणि त्याला टाळ्याही मिळाल्या. चौथ्या दिवशी जे झालं ते पाहता त्या टाळ्या परत करायची सोय असती तर बरं झालं असतं.

मी विणकर नाही. मी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. विणकर होत्या कुसुमताई. त्या अकोटच्या, वय छप्पन्न. अकोला जिल्ह्यातलं अकोट एके काळी सतरंज्यांसाठी ओळखलं जाई. आता तिथे विणणारी घरं शोधावी लागतात, आणि शोधली की कुसुमताईंचं सापडतं. एका संस्थेने त्यांना मेळाव्याचं बोलावणं धाडलं. त्यांना मराठी आणि कामापुरती हिंदी येते, म्हणून सोबत दुभाषी हवी होती. त्या संस्थेतला एक अधिकारी माझा विद्यार्थी निघाला आणि माझी निवड झाली. माझ्या अंगी दुभाष्याचा दुसरा कुठला गुण नव्हता, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

अकोट ते कुस्को

तीन विमानं आणि दोन दिवस. त्यातली सांगण्यासारखी गोष्ट एकच. सतरंजी विणताना आडवा धागा ठोकून बसवायला लोखंडी दातांचा पंजा लागतो. कुसुमताईंनी तो साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला होता. मुंबईच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या मुलीने तो वर धरला आणि विचारलं, हे काय आहे. कुसुमताई म्हणाल्या, "पंजा आहे बाई. याच्यानं मारतात." मग मला पाच मिनिटं समजावून सांगावं लागलं की मारतात ते धाग्याला. शेवटी पंजा मोठ्या बॅगेत गेला आणि त्याच्या सोबतीला त्यांची कातरही. ती कातर तिथेच काढून घेतली असती तर हा लेख बराच लहान झाला असता.

आमची उंचीची कल्पना चिखलदऱ्यावर संपते. कुस्को शहर त्याच्या तिप्पट उंचीवर आहे आणि आमचं गाव त्याहून वर. शहरातून वर नेणारी गाडी मात्र ओळखीची वाटली. परतवाड्याहून घाट चढणाऱ्या जीपमध्ये जितकी माणसं कोंबतात तितकीच इथेही कोंबतात. शिवाय एक मेंढी होती. कुसुमताईंचं डोकं दुखायला लागलं होतं. चढावर त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, "मॅडम, इथं हवा कमी ठेवली काहून?"

गाव

गावात मातीच्या विटांची घरं, मधे चर्च आणि सगळीकडे सूत कातणाऱ्या बायका. बाई चालत असते, बोलत असते, मेंढरं वळत असते आणि हातातून टकळी खाली लोंबत गरगरत असते. बायकांच्या अंगावर घेरदार काळे घागरे, डोक्यावर परातीसारखी चपटी टोपी आणि खांद्यावर विणलेला लाल शेला. तो छातीवर मोठ्या टाचणीने अडकवतात. शेल्याच्या पट्ट्यांवरून आणि टोपीवरून बाई कुठल्या गावची ते कळतं. आपल्याकडे ते काम अजून पहिल्या चार वाक्यांवर चालतं. कुसुमताईंनी विमानात अमरावतीच्या एका गृहस्थांना तसंच ओळखलं होतं.

आम्ही इलारियाबाईंच्या घरी उतरलो. वय सत्तरीचं, बांधा लहान, बोलणं त्याहून लहान. त्या फक्त केचुआ, ही तिथली जुनी डोंगरी भाषा, बोलत. त्यांची मुलगी नोएमी पंधरा वर्षं राजधानीत हॉटेलात काम करून दोन वर्षांपूर्वी गावी परतली होती. तिला इंग्रजी येई. म्हणजे कुसुमताईंचा शब्द वऱ्हाडीतून इंग्रजीत मी न्यायचा आणि इंग्रजीतून केचुआत नोएमीने. परतीचा प्रवासही तसाच. साधं "जेवलात का" हे विचारायला चौघी लागत.

जेवण म्हणजे बटाटे. पिवळे, जांभळे, बोटासारखे लांब, आणि एक काळा, बुचासारखा हलका. तो हिवाळ्यात रात्रभर गारठ्यात ठेवून, सकाळी पायांनी तुडवून, पुन्हा गारठ्यात ठेवून वाळवतात. आपण वाळवण उन्हात घालतो, हे लोक थंडीत घालतात. कुसुमताईंनी शेंगदाण्याची चटणी नेली होती. ती इलारियाबाईंना आवडली. चुलीजवळ सशाच्या पिल्लांसारखे प्राणी सुटे हिंडत होते. कुसुमताई त्यांना कवतिकाने बटाट्याची सालं घालायच्या. ते कशासाठी पाळतात हे मी त्यांना सांगितलं नाही. न सांगण्याची सवय मला तिथेच लागली असावी.

अंगणात इलारियाबाईंचा माग होता. माग म्हणजे दोन दांड्या. एक खांबाला बांधलेली, दुसरी पट्ट्याने कमरेला. बाई मागे रेलली की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. हे धागे बोटांनी उचलून त्यांतूनच नक्षी काढायची, आणि आडवा धागा ठोकायला लामा या उंटाच्या जातीच्या जनावराच्या हाडाची टोकदार सळई. कुसुमताईंनी ती हातात घेतली, आपला पंजा इलारियाबाईंना दिला, आणि दोघींनी एकमेकींची हत्यारं बराच वेळ तोलून पाहिली. तो फोटो संस्थेच्या भिंतीवर आता लागलाही असेल.

शेला दोन सारख्या पट्ट्यांचा असतो आणि त्या मधोमध शिवतात. एक पट्टी तयार होती. दुसरी मागावर होती आणि वीतभर उरली होती. उद्घाटनानंतरच्या रविवारी गावात मेरीमातेची मिरवणूक होती आणि यंदाचा मान इलारियाबाईंच्या घराकडे होता. पालखीच्या पुढे घरच्या मुलीने चालायचं, अंगावर आईने विणलेला नवा शेला घेऊन. नोएमीने हे सांगताना हसून सांगितलं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पंधरा वर्षं बाहेर राहून आलेल्या मुलीला गाव अजून पाहुणीच समजत होतं. शेला नसेल तर पुढे चालायचा मान दुसऱ्या घरच्या मुलीला जाणार होता. घर ठरलेलंही होतं, नोएमीच्या चुलतबहिणीचं.

इलारियाबाईंना कुसुमताईंच्या साडीचं फार कुतूहल. एवढं लांब कापड, कुठे शिवलेलं नाही, हे त्यांना पटलं, आवडलं. मग त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, काहीतरी शोधलं आणि न सापडल्यासारखं सोडून दिलं.

उद्घाटन रविवारी झालं. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली. माझं वाक्य झालं. मग एका अभ्यासकांचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान झालं. कापड हा जीव आहे, त्याला तोंड आहे, काळीज आहे, तो श्वास घेतो, असं ते डोळे मिटून सांगत होते. असली भाषणं मी नोकरीत पुष्कळ ऐकली आहेत. डोळे मिटले की माझा विश्वास उडतो. त्यांनी हेही सांगितलं, की इथलं कापड चारी बाजूंनी काठ घेऊनच जन्मतं. ताण्याचा धागा दांडीवरून वळून परत येतो, कुठेही तुटत नाही, आणि विणकर शेवटच्या धाग्यापर्यंत विणत जातो. म्हणून इथे कापड मागावरून सोडवतात, कापत नाहीत. कापणं म्हणजे मारणं.

नोएमीने हे सगळं मला नीट इंग्रजीत सांगितलं. कुसुमताईंना मी एवढंच सांगितलं, "हे लोक कापडाला खूप मानतात. बाकी आपल्यासारखंच आहे."

बुधवार

बुधवारी दुपारी कोणी वरिष्ठ अधिकारी येणार म्हणून सगळ्या विणकरांना चर्चसमोर रांगेत उभं केलं. अधिकारी दोन तास उशिरा आले, वीस मिनिटं थांबले आणि शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या बायांपर्यंत न पोचताच गेले. त्या बायांत इलारियाबाई होत्या.

कुसुमताई डोकं दुखतं म्हणून घरीच राहिल्या होत्या, कोकाच्या पानांचा चहा घेऊन, मागाजवळ. सकाळभर त्यांनी इलारियाबाईंना वाकून वाकून विणताना पाहिलं होतं. आता ताण्यात चार बोटं जागा उरली होती. तेवढ्या जागेत हात जात नाही, सळई फिरत नाही. आपल्याकडे विणकाम इथे संपतं. उरलेला ताणा कापायचा, सुटलेल्या धाग्यांचे गोंडे बांधायचे, आणि सतरंजी मागावरून उतरते. कुसुमताईंना वाटलं, म्हातारी दमली आहे, येईपर्यंत आपण तेवढं करून ठेवू. त्यांनी बॅगेतून कातर काढली आणि दांडीला लागून, एका सरळ रेषेत, सगळा ताणा कापला. मग गोंडे बांधायला घेतले. हे गोंडे अकोटची खासियत, तीन धाग्यांची वेणी आणि खाली गाठ. आम्ही आलो तेव्हा नऊ बांधून झाले होते. फार देखणे होते. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती.

कुसुमताई हसत उभ्या राहिल्या आणि पट्टी दोन्ही हातांवर घेऊन पुढे केली.

इलारियाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पट्टी घेतलीही नाही. त्या दांडीजवळ बसल्या आणि तिच्यावर राहिलेले कापलेल्या धाग्यांचे आखूड वेढे एकेक करून काढून ओच्यात ठेवू लागल्या. नोएमी दारातच थांबली होती. इलारियाबाई मान वर न करता काही बोलल्या. नोएमीने ते मला इंग्रजीत सांगितलं. "आई विचारते, हे संपलं असं हिला कोणी सांगितलं?"

मी ते मराठीत आणलं. कुसुमताईंचे हात तसेच पुढे होते.

"कोनी नाई सांगतलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, झालं. आमी इथंच कापतो."

मग हळूहळू, तीन भाषांतून, त्यांना कळलं की काय झालं आहे. काठ तीनच राहिले. असा शेला मिरवणुकीत चालत नाही. तो बाजारात पर्यटकांना चालतो. नवी पट्टी विणायला दोन महिने लागतात आणि रविवार चार दिवसांवर होता. इलारियाबाई ओच्यातलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. नोएमी म्हणाली, जाऊ द्या, ती चुलतबहीण चालेल पुढे, तिच्याकडे शेला आहे. हे ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती स्वयंपाकघराच्या दाराकडे.

कुसुमताईंनी पट्टी दांडीजवळ ठेवली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्या साहेबानं फीत कापली, तवा तं कोनी काईच बोललं नाई."

नोएमीने उत्तर दिलं, ती फीत बाजारची होती.

गुरुवार आणि शुक्रवार

गुरुवारी सकाळी उठले तर कुसुमताई अंगणात बसून आपलेच गोंडे सोडत होत्या. नऊ गोंडे सोडायला दीड तास गेला. मग त्यांनी मला विचारायला लावलं, की शेल्याच्या लोकरीचा उरलेला धागा घरात आहे का, आणि चुलीतली राख मिळेल का.

त्यांच्या लहानपणी घरी लुगड्यांचा माग होता. एक ताणा संपला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं जोडायची, हे काम घरातल्या बायांचं. गाठ मारायची नाही, गाठीचा कापडावर फोड दिसतो. बोटाला राख लावायची, दोन टोकं एकावर एक ठेवायची आणि पीळ द्यायचा. धागा धाग्यात जातो. याला सांधणं म्हणतात. इथे त्यांचा बेत असा होता, की कापलेल्या प्रत्येक धाग्याला नवा धागा सांधायचा, तो दांडीवरून वळवायचा आणि शेजारच्या कापलेल्या धाग्याला आणून सांधायचा. ताणा पुन्हा न तुटलेला होईल. उरलेली चार बोटं मग इलारियाबाईंना विणता येतील. धागे चारशेच्या वर होते. इलारियाबाई विणायला तयार होतील की नाही, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मी शेजारी बसले. काहीतरी बोललं पाहिजे असं वाटत होतं, आणि जे बोलायला हवं होतं ते मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"कुसुमताई, पहिल्या दिवशी त्या माणसाने सांगितलं होतं. कापत नाहीत म्हणून. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"काहून?"

"लांबलं होतं. मला वाटलं, नुसती भाषणबाजी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तीस वर्षं मुलांना अभ्यास का केला नाही म्हणून विचारत आले. त्यांची उत्तरंही अशीच असायची.

"थे सांगतलं असतं तं म्या हात नसता लावला," त्या म्हणाल्या. मग राखेचं टोपलं माझ्याकडे सरकवलं. "आता बसा. राख चाळा. खडा राहू द्यू नका."

मी दोन दिवस राख चाळली. आयुष्यात केलेल्या भाषांतरांपैकी एकाचं तरी मोल मला नीट कळलं.

पहिले धागे टिकले नाहीत. कुसुमताई सांधायच्या, ओढून पाहायच्या आणि जोड सुटून यायचा. सुताला राख धरते, लोकर निसटते, असं त्या स्वतःशीच बोलत होत्या. त्यांनी राखेत पाणी घातलं, मग भाताची पेज मागितली. भात नव्हता, बटाट्याचं पाणी मिळालं. तरी सुटायचा. दुपारपर्यंत एकही धागा धरला नव्हता. डोकं दुखत होतंच. "बोटं तं तेच आहेत न मॅडम," त्या म्हणाल्या, "मंग काहून नाई धरून राह्यलं?"

इलारियाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. सकाळपासून पाहत होत्या, पण येत नव्हत्या. उन्हं उतरायच्या सुमारास त्या आल्या, कुसुमताईंसमोर बसल्या आणि त्यांनी कुसुमताईंच्या हातावर चापट मारली. लटकी नव्हे, चांगली लागेलशी. मग त्यांच्या बोटांतून धागा काढून घेतला, दोन टोकं जुळवली आणि पीळ दिला. उलट्या बाजूने. ओढून पाहिलं. धरला होता.

कुसुमताईंनी तो धागा डोळ्यांजवळ नेला. "अवो माय," त्या म्हणाल्या, "इचा पीळच उलटा आहे."

आपलं सूत ज्या अंगाला पिळतात त्याच्या विरुद्ध अंगाला इथली लोकर पिळलेली होती. कुसुमताईंची बोटं चाळीस वर्षांच्या सवयीने सुलटा पीळ देत होती, म्हणजे तिथला पीळ उकलत होती. दिवसभर त्या जोडतोय असं समजून सोडवत होत्या. माझं उद्घाटनाचं वाक्य मला तिथे आठवलं. ते मी कोणाला भाषांतर करून सांगितलं नाही.

त्यानंतर दोघी समोरासमोर बसून सांधत होत्या. इलारियाबाईंना राग होताच, तो त्यांनी लपवला नाही. कुसुमताईंचा एखादा जोड जाड झाला की त्या तो तोडून पुन्हा पुढे करत. कुसुमताई मुकाट्याने पुन्हा करत. शुक्रवारी दुपारी पाच-पन्नास धागे उरले तेव्हा कुसुमताईंनी विचारायला लावलं, की बाईंना खात्री आहे का, हे असं सांधलेलं चालेल का. न तुटलेलं म्हणवेल का ते. नोएमीने विचारलं. इलारियाबाईंनी हातातला धागा पुरा केला, मग बोलल्या.

नोएमी म्हणाली, "आई म्हणते, ते देवीला माहीत असेल आणि मला. गावाला विचारायचं नाही."

शनिवारी इलारियाबाईंनी उरलेली चार बोटं सुईने विणली. त्या अरुंद फटीत सुई घालायची, एक धागा ओढायचा, टोकाने दाबायचा, पुन्हा सुई. सकाळी सातला बसल्या आणि चार वाजता दांडी सोडवली. चौथा काठ बाकीच्या तिन्ही काठांसारखा सरळ नव्हता. थोडा खडबडीत होता, जवळून पाहिलं तर. नोएमीने तो हाताला लावून पाहिला. संध्याकाळी दोन पट्ट्या शिवून शेला झाला. कुसुमताईंना वाटलं होतं, आपल्याला हातात देतील. दिला नाही.

रविवार

सकाळी इलारियाबाईंनी नोएमीच्या खांद्यावर शेला घातला, टाचणी लावली आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. सांधलेला काठ त्यांनी मुद्दाम आत, मानेकडे घेतला होता. मग विचार बदलला, टाचणी काढली आणि तोच काठ बाहेर घेतला. कुसुमताई दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे न पाहताच इलारियाबाईंनी हाताने जवळ बोलावलं आणि टाचणी त्यांच्या हातात दिली. कुसुमताईंनी ती लावली.

नऊ वाजता पालखी चर्चबाहेर निघाली आणि त्याच वेळी गारा सुरू झाल्या. त्या महिन्यात तिथे रोजच पडतात. नोएमी पालखीच्या पुढे होती. मिरवणूक साडेतीन तास चालली, आणि पहिल्या पाच मिनिटांनंतर नोएमीसकट सगळ्या गावाच्या अंगावर मानेपासून पोटरीपर्यंत निळं प्लॅस्टिक होतं. प्लॅस्टिकची मोठी गुंडाळी चर्चसमोरच्या दुकानात असते. दुकानदार ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे कात्रीने कापून देतो.